नाव शेवटी

विमल वाठोरेला कोणी बातमी सांगितली की आनंद, आश्चर्य किंवा दुःख दाखवण्याआधी ती एक प्रश्न विचारी. "तुमी पाह्यलं का आयकलं?" सांगणारा "ऐकलं" म्हणाला तर ती मान हलवून आपल्या कामाला लागे. "पाहिलं" म्हणाला तर हातातलं बाजूला ठेवून समोर बसे. मधलं उत्तर तिला चालत नसे. "म्हणजे पाहिल्यासारखंच आहे" असं कोणी म्हटलं की ती शांतपणे सांगे, "मंग तुमी आयकलं."

हैदराबादच्या विद्यापीठात संज्ञापन आणि पत्रकारितेच्या वर्गात आम्ही एकत्र होतो. पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. आदिलाबाद जिल्ह्यातून आलेले मराठी घरचे आम्ही दोघंच. ती जैनथची, मी भैंशाचा, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. तास संपल्यावर ती माझ्या बाकापाशी आली.

"शेट, तुमच्या गावात जिनिंगमधी आग लागलती म्हनते. पेपरात आलतं. खरं का?"

मी म्हटलं, हो, मोठी आग होती.

"तुमी पाह्यली का आयकली?"

मी त्या आठवड्यात निजामाबादला होतो. तसं सांगितल्यावर ती "बरं" म्हणून निघून गेली. तेव्हापासून वर्षभर मी तिच्या लेखी शेट राहिलो आणि तिला काही सांगायच्या आधी दोनदा विचार करायला शिकलो. पुढे बातमीदारीत हीच सवय माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडली.

सहामाहीच्या वेळी वसतिगृहांत आवई उठली की परीक्षा पुढे गेली. मुलांनी सिनेमाची तिकिटं काढली, मुलींच्या खाणावळीत गोड झालं. विमल जेवण सोडून विभागात गेली, सूचनाफलक वाचला आणि परत येऊन अभ्यासाला बसली. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "फलकावर काई नाही. तुमाले कोनं सांगितलं ते तुमीच इचारा." परीक्षा ठरल्या दिवशीच झाली.

तिचे वडील किसनराव जैनथच्या मंडल दफ्तरात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, कारकून होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, सायकल. घरातला दफ्तरात खुर्चीवर बसणारा पहिला माणूस. मुलीला हैदराबादला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती: एक वर्ष. पास झाली तर पुढचं तिनं ठरवायचं, नाहीतर मुकाट्यानं बी.एड. करून शाळेत रुजू व्हायचं. विमलला शाळेत शिकवायचं नव्हतं. तिला बातम्या लिहायच्या होत्या. त्यामुळे त्या वर्षात नापास होण्याची चैन तिला परवडणारी नव्हती, आणि वर्षाच्या मध्यावर ती नापास होण्याच्या जवळ आली.

त्याचं कारण एक सराव परीक्षा होती; तिचे गुण निकालात धरले जात. विभागप्रमुख मूर्ती सर जुने वार्ताहर होते. त्यांनी फळ्यावर एका काल्पनिक अपघाताचा तपशील लिहिला: घाटात वऱ्हाडाची लॉरी उलटली, मृतांची नावं, गावं, मृतदेह कुठे आहेत, पोलीस काय म्हणतात. अर्ध्या तासात बातमी द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमलचा तेलुगू कागद वर्गात मोठ्याने वाचला. त्याची सुरुवात अशी होती: मृतदेह जिल्हा रुग्णालयात आहेत. नातेवाइकांनी मागच्या फाटकाने यावे. ओळख पटवायला घरातले एक माणूस पुरे. मृतदेह दुपारनंतर मिळतील, गावाकडे नेण्यासाठी गाडी सोबत आणावी. मग अपघात कसा झाला ते. मृतांची नावं अगदी शेवटच्या ओळीत.

"काय अम्मा," सर म्हणाले, "ही बातमी आहे की रहस्यकथा? मेलं कोण, हे शेवटी कळणार?"

वर्ग हसला. विमल उभी राहिली. "नाव आधी सांगितलं तर पुढचं कोणी ऐकत नाही, सर."

"असं कोण म्हणतं?"

"माझे आजोबा."

"ते कोणत्या पेपरात होते?"

पुन्हा हशा झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने सांगितलं, की आजोबा पेपरात नव्हते, मयताचा सांगावा न्यायचे. गावात कोणी वारलं की नातेवाइकांच्या गावोगाव जाऊन कळवायचं काम तिच्या जातीवर होतं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबांनी ते पैनगंगेच्या दोन्ही काठांना केलं. ते दारात उभे राहून आधी कोणत्या गावी यायचं ते सांगत, मग माती किती वाजता, मग कोणी यायचं आणि सोबत काय आणायचं. ऐकणाऱ्याकडून ते एकदा परत वदवून घेत. नाव सगळ्यात शेवटी. कारण नाव ऐकल्यावर माणूस रडायला लागतो, आणि रडणाऱ्या माणसाला वेळ सांगितली तर ती त्याच्यापर्यंत पोचत नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नव्हतं ते तिच्याकडे बघत राहिले. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी वहीत पाहिलं. मला ठाऊक होतं. आमच्या भैंशाच्या घरी असा माणूस आला की तो अंगणाच्या कडेला उभा राही आणि आजी उंबऱ्याच्या आतून ऐके.

मूर्ती सरांनी खडू खाली ठेवला. "तुझे आजोबा ज्याच्या दारात जात, त्याचं माणूस गेलेलं असे. पेपर वाचणाऱ्याचं बहुतेक वेळा कोणी गेलेलं नसतं. त्याला नाव वर पाहिजे, म्हणजे आपलं कोणी नाही हे कळून तो चहा पिऊ शकतो. या उत्तराला शून्य." त्यांनी कागद परत दिला. "लघुप्रबंधाचा विषय ठरला का?"

"नाही, सर."

"आता ठरला."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पेपरात नाव वर, दारात नाव शेवटी. दोनी बरोबर हाये, शेट. मार्क एकाचेच भेटते."

विभागाने तिच्या विषयाला असं लांबलचक शीर्षक दिलं की ते बांधलेल्या प्रतीच्या पाठीवर मावेना. ती त्याला "आबाचं काम" म्हणे; आबा म्हणजे आजोबा. लघुप्रबंधाचे गुण मोठे होते. सराव परीक्षेतलं शून्य त्यातूनच भरून निघणार होतं. तो फसला की वर्ष गेलं.

हिवाळ्याच्या सुट्टीत विभागाचा कॅमेरा माझ्या हाती होता, म्हणून मी तिच्याबरोबर जैनथला उतरलो. गावात कापसाच्या गाड्या भरून चालल्या होत्या. तिचे आबा दारासमोर बाजेवर उन्हात बसले होते. नजर अधू झालेली, कान चांगले. विमलने विषय काढताच ते म्हणाले, "किसनले इचार. तो हो म्हनला तर सांगतो."

किसनराव संध्याकाळी आले. सायकल भिंतीला लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला चहा दिला. मग मुलीकडे वळले.

"माह्या बापानं चपला हातात घेऊन लोकाच्या दारात निरोप पोचवले. आमी ते काम सोडलं, धम्म घेतला, मी दफ्तरात खुर्चीवर बसतो. आता तू तेच लिहून साऱ्या हैदराबादले दाखवून राह्यली?"

"दाखवत नाही, बाबा. लिहून राह्यली."

"काऊन लिहितं? दुसरा इषय नाही का देशात?"

"हा माहा हाये."

"तुहा कसा?" किसनरावांचा आवाज चढला नाही. दफ्तरातली माणसं चढू देत नाहीत. "तू जगाले इचारत फिरतं ना, पाह्यलं का आयकलं? सांग मंग. तू पाह्यलं? एक दिवस तरी पाह्यलं? तू आयकलं. पाह्यलं मी."

विमलने वही त्यांच्यापुढे धरली. मग म्हणाली, "मंग तुमीच सांगा."

बाजेवरून आबा हसले. "घे," ते म्हणाले, "दफ्तरवाल्या, आता बोल."

किसनराव आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. त्या दिवशी पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी ते स्वतः पाट घेऊन बाजेजवळ बसले आणि दफ्तरात सांगावं तसं म्हणाले, "लिही. पंचनाम्यासारखं. जे झालं तेच, पदरचं काई नाही."

त्यांनी जे सांगितलं ते विमलच्या लघुप्रबंधाचा तिसरा अध्याय झालं. लहान असताना ते एकदा आबांबरोबर पैनगंगेपलीकडच्या एका गावी गेले होते. उन्हाळ्याचे दिवस, नदीचं पात्र कोरडं, वाळू तापलेली. निघायच्या आधी आबांनी मयताचं तोंड पाहिलं. ते पाहिल्याशिवाय ते कधीच निघत नसत, कारण खोटा सांगावा नेणाऱ्याला दोन्ही गावं मारत. विमलचा प्रश्न कुठून आला हे मला तिथे कळलं. त्या गावी पोचल्यावर आबांनी चपला काढल्या, काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि हाक दिली. किसनरावांना त्यांनी लांब बाभळीखाली उभं केलं होतं. गाव, वेळ, माणसं, सामान, असं ओळीनं सांगून नाव घेतलं आणि आबा त्याच पावली मागे वळले.

"पानी?" विमलने विचारलं.

"आबा म्हनत, सांगावा आननाऱ्यानं त्या घरचं पानी घ्याचं नसते. नियम हाये." किसनरावांनी आबांकडे पाहिलं. "मी लय वर्सं तेच खरं समजलो. मंग कळलं, देतच कोनी नव्हतं. त्यानं त्याचा नियम केला."

 मी आबांचा फोटो घेतला. किसनराव चौकटीतून बाजूला सरले.

"लिही तू," ते उठताना म्हणाले, "पन माहं नाव नाही टाकाचं. दफ्तरात सारे ओळखते."

"नाही टाकत."

"शब्द?"

"शब्द."

विमल तेवढ्यावर थांबली नाही. एकाने पाहिलेलं तिच्या हिशेबी अर्धंच होतं. दोन दिवसांनी ती कोणाला न सांगता नदीपलीकडच्या त्या गावी गेली आणि सांगावा जिथे दिला होता ते घर शोधून काढलं. तिथे काय मिळालं, हे तिने मला सांगितलं नाही. "आयकून काय करता, शेट," म्हणाली. "छापून येईन तवा वाचा."

लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा विभागाच्या मोठ्या खोलीत होई आणि वर्गाला मागे बसायची मुभा असे. बाहेरचे परीक्षक एका दैनिकाचे संपादक होते, बोलण्यात सौम्य, प्रश्नांत कडक. त्यांनी विमलची पद्धत वाखाणली, भाषेच्या चुका दाखवल्या आणि मग तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवलं.

"हा सगळा अध्याय एका माणसाच्या सांगण्यावर उभा आहे. तो कोण?"

"नाव देता येणार नाही, सर."

"निनावी साक्षीवर अध्याय स्वीकारता येत नाही. निदान आम्हाला तरी सांगा. या खोलीबाहेर जाणार नाही."

विमलने मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "खोली मोठी आहे, सर," ती म्हणाली.

मूर्ती सरांनी हसू दाबलं. परीक्षकांनी दाबलं नाही, पण मुद्दाही सोडला नाही. "अध्याय काढावा लागला तर उरलेल्यावर तुम्ही उत्तीर्ण होणार नाही. हे लक्षात आहे ना?"

"आहे. काढायचा तर काढा. मी शब्द दिला आहे."

ती हे कोणत्याही आवेशाशिवाय म्हणाली. बी.एड.चा अर्ज जैनथच्या घरी आणून ठेवलेला होता, हे त्या खोलीत फक्त तिला आणि मला माहीत होतं.

परीक्षक मागे टेकले. "बरं. नाव राहू द्या. या माणसाने खरंच पाहिलं, याला आधार काय? की तुम्ही फक्त ऐकलं?"

वर्षभर तिने सगळ्यांना विचारलेला प्रश्न तिच्यासमोर आला होता. तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "आधार आहे, सर. शेवटच्या पानावर."

परीक्षकांनी पानं उलटली. शेवटचं पान त्यांनी आधी मनात वाचलं आणि मग मोठ्याने. पैनगंगेपलीकडच्या त्या घरातली म्हातारी तेव्हा नवी सून होती. ती दाराआडून बघत होती. तिचं म्हणणं विमलने तिच्याच शब्दांत लिहिलं होतं: सांगावा घेऊन आलेल्या बुवासंगं एक पोरगं होतं. बाभळीखाली उभं होतं. ते पानी मांगत होतं. मी गडवा घेऊन निंगाली, तं सासूनं हात धरला.

हे किसनरावांनी सांगितलं नव्हतं.

 परीक्षकांनी लघुप्रबंध मिटला आणि मूर्ती सरांकडे पाहून म्हणाले, "तुमच्या विद्यार्थिनीला महत्त्वाचं शेवटी ठेवायची सवय आहे."

"शून्य देऊन पाहिलं," मूर्ती सर म्हणाले. "गेली नाही."

तिथे मात्र सगळे हसले आणि यावेळी विमलही हसली. पुढे तिने आदिलाबादला एका दैनिकाच्या जिल्हा पानावर बरीच वर्षं काम केलं आणि नंतर पत्रकारिता शिकवली. तिच्या हाताखालचे वार्ताहर फोन करण्याआधी एकमेकांना विचारून घेत, अरे, आपण पाहिलं का ऐकलं? पूर आला, बस उलटली, की तिच्या पानावर मृतांची नावं वर असत, आणि त्याखाली जाड चौकटीत कुठे जायचं, कोणाला भेटायचं, सोबत काय न्यायचं. चौकटीचं हे काम तिने शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला दिलं नाही. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा अजून निकाल यायचा होता.

निकाल लागला त्या सकाळी आम्ही दोघांनी फलक पाहिला. विमल वर्गात पहिली होती. आम्ही रात्री मिळेल त्या बसने आदिलाबाद गाठलं. जैनथला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचं ऊन वर आलं होतं. किसनराव दफ्तरात निघाले होते, सायकलचं हँडल हातात होतं. लघुप्रबंधाची एक प्रत तिने त्यांना आधीच पाठवली होती. ती त्यांनी वाचली होती की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"पास झाली, बाबा. पहिली आली."

किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "पाह्यलं का आयकलं?"

"पाह्यलं. फलकावर. शेटनं बी पाह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सायकल परत भिंतीला लावली, बाजेजवळ जाऊन आबांच्या कानात काही सांगितलं आणि आबांची काठी उचलली. "शेट," ते म्हणाले, "तुमाले आदिलाबादहून भैंशाची गाडी धराची ना? चला."

विमल आबांपाशी थांबली. आदिलाबादच्या स्थानकावर भैंशाची बस उभी होती. त्यांनी मला तिच्यात बसू दिलं नाही. "साक्षीदार लागते," म्हणाले. आम्ही भीमपूरच्या गाडीत बसलो. वाटेत ते बाहेर बघत होते. फक्त एकदा म्हणाले, "ते शेवटचं पान. त्या बाईचं. मले तिचा हात धरलेला दिसला नव्हता. मी समजलो, कोनी उठलंच नाही." आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

भीमपूरला त्यांची थोरली बहीण सखूआत्या राहत होती. तिच्या घराला कुडाचं कुंपण घातलेलं अंगण होतं. किसनरावांनी अंगणाच्या बाहेर चपला काढल्या. काठी जमिनीवर आडवी ठेवली. पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि हाक दिली.

"घरात कोन हाये? बाहेर या."

सखूआत्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. भावाला, जमिनीवरच्या काठीला आणि अनवाणी पायांना तिने एका नजरेत पाहिलं. सांगावा आणणारा असा उभा राहतो, हे तिच्या पिढीला समजावून द्यावं लागत नव्हतं. तिचा हात तोंडाकडे गेला.

"जैनथले याचं," किसनराव म्हणाले.

"आबा?" ती म्हणाली. "किसन, आबा का?"

"उद्या. सकाळच्या पयल्या गाडीनं. साऱ्यांनी याचं, पोरासोरांसगट. सोबत काई आनाचं नाही, जेवन आमच्याकडं हाये. आता म्हन."

"अरे, कोन गेलं ते सांग ना..."

"आधी म्हन, अक्का."

सखूआत्याने कसंबसं म्हटलं. उद्या. पयली गाडी. सारे. काई आनाचं नाही. शेजारची दोन घरं कुडापाशी गोळा झाली होती. किसनराव सरळ उभे होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं.

"विमल किसन वाठोरे. इद्यापीठात पयली आली."

आत्याला समजायला एक क्षण लागला. मग तिने पिठाचा हात भावाच्या पाठीत घातला. पांढऱ्या शर्टावर पंजा उमटला. "मेल्या, जीव गेला असता ना माहा. असं सांगते का कोनी?" तिने दुसरा हात उचलला, पण तो तसाच राहिला, कारण ती हसत होती आणि रडतही होती. कुडापलीकडून कोणीतरी म्हणालं, "वाठोरे, पुन्यांदा सांगा, नाव आयकू नाही आलं." किसनरावांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, त्याच क्रमाने.

मग ते काठी उचलून वळले, आबा वळत तसे, त्याच पावली.

"कुटं चालला?" सखूआत्या आतून तांब्या घेऊन आली होती. "पानी पे."

किसनराव थांबले. अंगणाबाहेरच उभे राहून त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि मान मागे टाकून सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा तांब्या बहिणीला दिला. मग चपला घातल्या.

संध्याकाळी मी भैंशाची गाडी धरली. जैनथला उद्या किती लोक येतील, याचा अंदाज मला करता आला नाही आणि मी तो केलाही नाही. भीमपूरला जे झालं ते मी पाहिलं.